विनिमय-सत्र : अडसर कोणत्या बाजूला?

(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेवर उसाचा भाव, वीजबिले आणि नगरपालिकांतील कंत्राटी कामगार यांच्या पंक्तीला ‘परदेशी विद्यापीठातील एका सत्रासाठी अर्ज’ हा विषय बसलेला पाहून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. ज्या घरच्या मुलीला तालुक्याच्या कॉलेजपर्यंत एस.टी.ने रोज जाणे जड जाते, तिला बर्लिन-बार्सिलोनाच्या गोष्टी सांगणे ही थट्टाच, असेही कुणाला वाटले असेल. आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने आपल्या सर्व विद्यार्थ्यांच्या नावाने जे करार केलेले असतात, त्यांचा लाभ त्यांपैकी कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न रेशनच्या धान्याच्या वाटपाइतकाच आपला आहे. वाटप दिसत नाही म्हणून प्रश्न नाही, असे होत नाही.

प्रथम हा प्रकार काय आहे ते स्पष्ट करतो, कारण परदेशी शिक्षण म्हटले की आपल्यासमोर उभी राहते ती एजंटांच्या जाहिरातींची, घर गहाण टाकून काढलेल्या कर्जाची आणि दोन वर्षांच्या महागड्या पदवीची दुनिया. मुले ज्याला ‘एक्सचेंज सेमिस्टर’ म्हणतात ते यापासून पूर्णपणे वेगळे आहे. दोन विद्यापीठांचा आपसांत करार असतो. आपला विद्यार्थी आपल्याच विद्यापीठाच्या पटावर राहतो, फी इथेच भरतो, चार ते सहा महिने तिकडे जाऊन शिकतो, तिथल्या परीक्षा देतो आणि तिथे मिळवलेले श्रेयांक इथल्या पदवीत जमा होतात. त्याच्या बदल्यात तिकडचा एक विद्यार्थी इकडे येतो. तिकडचे विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्याकडून शिकवणी फी घेत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात आम्ही ज्याला वस्तुविनिमय म्हणून शिकवतो, तोच हा व्यवहार. पैसा मध्ये न आणता जागेच्या बदल्यात जागा.

फी माफ आहे, हे ऐकून दार सताड उघडे आहे असा समज होतो. ते तसे नाही. मात्र ते अडवणारा अडसर बहुतांशी परदेशाच्या बाजूला नसून आपल्या बाजूला आहे. आज मला एवढेच सांगायचे आहे, आणि ते पुराव्यानिशी सांगायचे आहे.

या व्यवस्थेचा जन्म कसा झाला ते पाहिले तर मुद्दा लवकर उमगेल. सोफिया कोराडी नावाची कायद्याची इटालियन विद्यार्थिनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेली आणि १९५८ साली तिथली पदव्युत्तर पदवी घेऊन रोमला परतली. आपल्या विद्यापीठात तिने तो अभ्यास जमेस धरण्याची विनंती केली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने तिची टर उडवून तिला वाटेला लावले. कोलंबियासारख्या विद्यापीठाने तिला पारखून पदवी दिली होती, आणि घरच्या विद्यापीठाने मात्र ती कस्पटासमान मानली. या बाईंनी तो अपमान गिळला नाही. परदेशात केलेला अभ्यास घरच्या विद्यापीठाने मान्य केलाच पाहिजे, हा प्रस्ताव १९६९ मध्ये त्यांनी मांडला आणि जवळजवळ दोन दशके त्याचा पाठपुरावा केला. १९८७ साली युरोपीय समुदायाने ‘एरॅस्मस’ योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी गेले. आजवर या योजनेचा लाभ दीड कोटीहून अधिक लोकांनी घेतला आहे. कोराडीबाई २०२५ च्या ऑक्टोबरात वारल्या. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की त्यांचा झगडा परदेशी जायला मिळावे यासाठी नव्हता. परत आल्यावर घरात घ्यावे, यासाठी होता.

२०१५ पासून ही योजना युरोपाबाहेरच्या भागीदार देशांनाही खुली झाली आणि त्यात भारत आहे. युरोपीय विद्यापीठ आणि आपले विद्यापीठ यांचा करार असेल आणि प्रकल्प मंजूर असेल, तर येथून जाणाऱ्या विद्यार्थ्याला यजमान देशाच्या महागाईनुसार दरमहा ८०० ते ९०० युरो आणि प्रवासाची वेगळी रक्कम मिळते. २०२१ ते २०२७ या कालखंडाच्या नियमांत आर्थिक, सामाजिक वा भौगोलिक अडचणींतून आलेल्या विद्यार्थ्याला दरमहा आणखी २५० युरो देण्याची तरतूद आहे. ही शेवटची तरतूद मी मुद्दाम सांगतो. दुष्काळी तालुक्यातील शेतमजुराची मुलगी त्या व्याख्येत बसणार नाही तर कोण बसणार? पण ती बसते, असा कागद इथल्या विद्यापीठाने वेळेवर तयार करून दिला पाहिजे. अडसर इथून सुरू होतो.

आता अर्जाकडे वळू. बहुतेक विद्यार्थ्यांची पहिली चुकीची समजूत अशी की अर्ज परदेशी विद्यापीठाकडे करायचा असतो. तो करायचा असतो आपल्याच विद्यापीठाकडे. आपले विद्यापीठ निवड करते, निवडलेल्यांची नावे शिफारस म्हणून तिकडे पाठवते, आणि त्यानंतर तिकडचा अर्ज हा बराचसा उपचार उरतो. खरी स्पर्धा आपल्या अंगणात होते. निवड समितीत आपलेच प्राध्यापक असतात, सूचना आपल्याच कार्यालयाच्या फलकावर लागते, मुदत आपलाच कुलसचिव ठरवतो. ती सूचनाही निघण्याच्या साधारण वर्षभर आधी लागते, कारण हिवाळी सत्राची नावे तिकडे वसंतात मागवली जातात. ज्याला ठाऊक आहे तो दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच तयारीला लागतो. ज्याला ठाऊक नाही त्याला सूचना दिसते तेव्हा मुदत संपलेली असते.

आपल्याकडील पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी फार मोठा भाग विद्यापीठाच्या आवारात शिकत नाही, संलग्न महाविद्यालयांत शिकतो. करार विद्यापीठाच्या नावाने झालेला असतो. कुलगुरू हस्तांदोलन करतात, छायाचित्र छापून येते. परंतु त्या कराराची प्रत संलग्न महाविद्यालयाच्या ग्रंथालयापर्यंत क्वचितच पोहोचते. करार केवळ आवारातील विभागांपुरता आहे की सर्वांसाठी, हे प्राचार्यांनाही सांगता येत नाही. आणि जिथे धोरण म्हणून नियम केले जातात, तिथेही कल वरच्यांकडेच असतो. २०२२ च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यापीठांबरोबरच्या जोड व संयुक्त पदव्यांचे नियम केले. त्यांत ‘नॅक’चे किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत स्थान, यांसारखी अट आहे. साधे विनिमय-सत्र हा वेगळा प्रकार आहे हे खरे, पण ज्या संस्थेला ती अट पुरी करता येत नाही तिथला विद्यार्थी कमी लायक, हा संकेत त्यातून खालपर्यंत झिरपतो. गुणवत्तेचा शिक्का संस्थेला आणि त्याची किंमत मोजायची विद्यार्थ्याने.

श्रेयांकांचा प्रश्न यापेक्षा किचकट आहे आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. कार्यकर्ता इथेच नेमका गोंधळतो आणि विद्यापीठाचा कारकून इथेच त्याला परतवून लावतो.

युरोपीय पद्धतीत एका वर्षाचे ६० श्रेयांक, म्हणजे सत्राचे ३०. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे एकूण काम. वर्गातील तास, वाचन, टिपणे, परीक्षेची तयारी, सारे त्यात आले. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १,२०० तासांचे ४० श्रेयांक धरले आहेत, म्हणजे सत्राचे २०. आता ३० आणि २० हे आकडे शेजारी ठेवले की कारकून म्हणतो, जुळत नाही. वस्तुतः हे मैल आणि किलोमीटर यांच्यातील अंतरासारखे आहे. कोष्टक एकदा ठरवले की प्रश्न मिटतो. ते कोष्टक ठरवण्याचा अधिकार अभ्यास मंडळाला आणि विद्यापरिषदेला आहे, जर्मन सरकारला नाही.

जाण्यापूर्वी एक अध्ययन-करार करायचा असतो. विद्यार्थी तिकडे कोणते विषय घेईल आणि त्यांच्या बदल्यात इथले कोणते विषय सुटतील, हे त्यात लिहिलेले असते, आणि त्यावर तीन सह्या लागतात: विद्यार्थ्याची, तिकडच्या विद्यापीठाची आणि इकडच्या विद्यापीठाची. या तिसऱ्या सहीला फार महत्त्व आहे. ती झाली म्हणजे घरच्या विद्यापीठाने आधीच शब्द दिला की हे श्रेयांक आम्ही मान्य करू. पण संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठी ही सही कोणी करायची? प्राचार्य म्हणतात, अभ्यासक्रम विद्यापीठाचा. विभागप्रमुख म्हणतात, विद्यार्थी महाविद्यालयाचा. परीक्षा विभाग म्हणतो, आधी जाऊन या, मग पाहू. ‘मग पाहू’ याचा अनुभव असा की परत आलेल्या विद्यार्थ्याला इथले बुडालेले सत्र पुन्हा द्यावे लागते आणि वर्ष हातचे जाते. ज्याच्या घरी खाऊनपिऊन सुख आहे त्याचे वर्ष गेले तर हळहळ वाटते. ज्याच्या घरी धाकटी भावंडे त्याच्या पहिल्या पगाराची वाट पाहत आहेत त्याचे वर्ष जाणे म्हणजे एका वर्षाच्या मिळकतीचा प्रत्यक्ष तोटा. म्हणून तो जातच नाही. आणि मग अहवालात लिहिले जाते की ग्रामीण विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प आहे.

जोडीला दिनदर्शिकेचा घोळ आहे. आपले एक सत्र जून-जुलैत सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपते, दुसरे डिसेंबर ते मे. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात. उन्हाळी सत्राची एप्रिल ते जुलै. म्हणजे जर्मनीचे कोणतेही सत्र घेतले तरी ते आपल्या दोन सत्रांच्या अंगावर बसते. नेदरलँड्स किंवा स्वीडनमध्ये शरद-सत्र सप्टेंबरच्या आसपास उघडून जानेवारीत संपते, ते त्या मानाने जुळवून घेता येते. तेव्हा कोणत्या शहराचे चित्र सुंदर आहे यापेक्षा कोणते सत्र आपल्या परीक्षांशी कमी भांडते, हे आधी पाहावे. हा सल्ला रुक्ष आहे, पण तो एक वर्ष वाचवतो.

यानंतर पैसा. फी माफ, शिष्यवृत्ती मंजूर, तरीही पैसा आडवा येतो. तो रकमेपेक्षा क्रमामुळे येतो, असे माझे अनेक वर्षांच्या निरीक्षणाचे मत आहे. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता अनेकदा विद्यार्थी तिकडे पोहोचल्यावर, कागद दाखवल्यावर, तिथल्या बँकेत खाते उघडल्यावर मिळतो. विमानाचे तिकीट, व्हिसाची फी, विमा, वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे मात्र आधी लागते.

मी एका विद्यापीठात काही वर्षे अशा निवडीच्या कामात होतो. एका सालची पहिल्या क्रमांकाची विद्यार्थिनी एस.टी. कार्यशाळेतील मेकॅनिकची मुलगी होती. मासिक रक्कम मंजूर, प्रवासखर्च मंजूर, अध्ययन-करारावर तिन्ही सह्या, सर्व यथास्थित. हवे होते ते तिकिटासाठी आणि पहिल्या महिन्यासाठी सुमारे दीड लाख रुपये, आणि तेही दोन महिन्यांपुरते, कारण नंतर ती रक्कम शिष्यवृत्तीतूनच परत करता आली असती. वडील गावच्या पतसंस्थेत गेले. तिथे दोन जामीनदार मागितले, आणि जामीनदार म्हणून कायम नोकरीतले लोक हवेत, असे सांगितले. एक मिळाला. दुसरा मिळेपर्यंत व्हिसाची तारीख निघून गेली. प्रतीक्षायादीतील दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा गेला. त्याच्या वडिलांनी एका दूरध्वनीवर पैसे भरले होते. तो मुलगाही हुशार होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. निवड गुणांनी झाली आणि निकाल जामीनदाराने लावला, एवढीच नोंद मला करायची आहे.

हा भांडवलाचा तुटवडा नव्हे, हातातल्या रोकडीचा आहे. पैसा येणार हे निश्चित आहे. तो येईपर्यंतचे साठ दिवस ओलांडायचे आहेत. बँकांच्या शैक्षणिक कर्जाची सारी रचना फीभोवती बांधलेली, आणि इथे तर परदेशी फी शून्य! फी नाही म्हणून पावती नाही, आणि पावतीवाचून बँकेच्या चौकटीत प्रकरण बसत नाही. म्हणून विद्यापीठाने फिरता निधी ठेवावा, निवड होताच तिकीट आणि पहिल्या महिन्याची रक्कम आगाऊ द्यावी, आणि हप्ता आला की वसूल करावी, असे मी सुचवतो. पन्नास विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी दीड लाख धरले तर पाऊण कोटी रुपये, आणि तेच पैसे दरवर्षी पुन्हा फिरतात. यात बुडीत किती जाईल? नियुक्तीचे पत्र विद्यापीठाच्याच हातात असताना फार जाणार नाही.

शिष्यवृत्ती नसेल तर चित्र आणखी कठोर आहे. जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याला गोठवलेल्या खात्यात रक्कम दाखवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून तिचा दर दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो ठरला. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो. युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख रुपये, जाण्यापूर्वी, एकरकमी. तिथे गेल्यावर काम करता येते, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, अशी सवलत १ मार्च २०२४ पासून आहे. पण काम करून मिळणारा पैसा आधीच्या खात्यात दाखवता येत नाही. जयप्रकाशजी १९२२ साली कॅलिफोर्नियात उतरले तेव्हा सत्र सुरू व्हायला अवकाश होता. त्यांनी द्राक्षमळ्यांत मजुरी केली, पैसे साठवले आणि मग बर्कलेत नाव घातले. तिथली फी वाढली तेव्हा आयोवाला गेले. आधी घाम आणि मग फी, हा क्रम गरिबाला झेपणारा होता. आजच्या नियमाने तो उलटा झाला आहे. म्हणून आपल्या विद्यार्थ्याला मी निःसंदिग्धपणे सांगतो: शिष्यवृत्तीचे लेखी पत्र हातात नसेल तर निव्वळ फीमाफीच्या भरवशावर घर, शेत किंवा दागिना गहाण टाकू नये. एका सत्रासाठी तर मुळीच नाही.

सरकारी शिष्यवृत्त्यांचे काय, असे तुम्ही विचाराल. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती, या दोन्ही पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. यांसाठी आहेत. एका सत्रासाठी जाणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला त्यांत जागा नाही. आणि ज्यांना जागा आहे त्यांचीही अवस्था अशी की २०२५ च्या जुलैत केंद्राच्या यादीतील १०६ निवडलेल्यांपैकी आधी ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली, उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास देऊ असे कळवण्यात आले. निवड एका खात्याने करावी आणि पैशासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवावे, ही आपली जुनी रीत आहे. बाबासाहेबांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली कोलंबियासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. पुढे ती मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. १९२० साली नोकरीतील बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांवर ते पुन्हा गेले. पैशाने जे तोडले होते ते त्या विद्यापीठाच्या एका लेखी परवानगीमुळे सांधता आले. कागदाचे मोल यावरून समजावे.

कागदांचा विषय निघालाच आहे तर कार्यकर्त्यांच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगून टाकतो. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे, असा क्रम असतो. पारपत्रावर तो वेगळा होतो, आणि परदेशी अर्जात आडनावाच्या जागी भलतेच नाव जाऊन बसते. पत्रे एका नावाने, व्हिसा दुसऱ्या नावाने, असा घोटाळा झाला की सहा आठवडे जातात. विवाहित मुलींच्या बाबतीत तर तीन कागदांवर तीन नावे निघतात. भटक्या जमातींतील आणि ऊसतोडणी कामगारांच्या मुलांकडे जन्माचा दाखलाच नसतो. तेव्हा पारपत्राचे काम निवड होण्याची वाट न पाहता आधी करून ठेवावे. त्याची साधी फी १,५०० रुपये आहे, आणि ती वाया जात नाही.

इंग्रजीच्या मोठ्या परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात गेली आहे. पण विनिमयासाठी अनेक परदेशी विद्यापीठे त्या परीक्षेचा आग्रह धरत नाहीत. घरच्या विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाने भाषेची पातळी प्रमाणित केलेले पत्र त्यांना चालते. ते चालते की नाही हे आधी विचारावे. मराठी माध्यमातील मूल या एका गैरसमजापोटी अर्जच करत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आणि ते हेतुपत्र! आपली मुले त्यात एक तर याचना करतात किंवा बढाई मारतात. घरची गरिबी हा निवडीचा हक्क आहे, तो सांगावा. पण गयावया करू नये. तिथे कोणता विषय शिकायचा, तो इथे का मिळत नाही, आणि त्याचा इथल्या कोणत्या अभ्यासाशी संबंध जोडणार, हे दोन परिच्छेदांत साध्या वाक्यांत लिहावे. जायकवाडीच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे, त्याने पाणीवाटपाबद्दल चार ओळी लिहिल्या तर त्या शहरी मुलाच्या उसन्या इंग्रजीपेक्षा भारी ठरतात. निवड समित्यांना ते कळते; निदान कळायला हवे.

आता विनिमयाची दुसरी बाजू. एक जागा द्यायची तर एक घ्यायची, हा हिशेब कधीतरी जुळावा लागतो. तिकडचे विद्यार्थी दिल्ली, मुंबई, बंगळूरला येतात, नांदेड-सोलापूरला सहसा येत नाहीत. त्यामुळे करारही त्याच शहरांभोवती घुटमळतात. आपल्याकडे देण्यासारखे काही नाही, हा न्यूनगंड आपल्या विद्यापीठांनी उगाच बाळगला आहे. अर्थशास्त्राच्या युरोपीय विद्यार्थ्याला सहकाराचा अभ्यास करायचा असेल तर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभारलेल्या कारखान्यापासून पुढची पाऊणशे वर्षे, त्यांच्या उत्कर्षासह आणि ऱ्हासासह, त्याला नगर आणि कोल्हापूर जिल्ह्यांतच वाचावी लागतील. हाताला काम मागण्याचा कायदेशीर हक्क म्हणजे काय, हे शिकायचे असेल तर १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्याची कागदपत्रे आणि त्या कामांवर खडी फोडलेल्या बायका मराठवाड्यात आहेत. असा एखादा इंग्रजीतून शिकवला जाणारा, शेतावर आणि संस्थांत नेणारा, एका सत्राचा पाठ एखाद्या ग्रामीण विद्यापीठाने मांडला आणि राहण्याची बरी सोय केली, तर चार विद्यार्थी येतील आणि आपल्या चौघांच्या जागा नियमाने मोकळ्या होतील. इथे उपकार कोणाचेच नाहीत.

गेलेली मुले तिकडेच राहतील, बुद्धीचा निचरा होईल, अशी शंका इथे पुष्कळदा घेतली जाते. पदवीसाठी जाणाऱ्यांबाबत तिच्यात तथ्य आहे. विनिमय-सत्राची बांधणीच अशी आहे की विद्यार्थी आपल्या पदवीसाठी परत येतो. पदवी इथे अडकलेली असते. तेव्हा ही भीती इथे लावू नये.

राहिला कृतीचा भाग. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी प्रत्येक विद्यापीठात स्वतंत्र मंडळ आहे, आणि अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात. त्यांपैकी आपले जे कोणी असतील, त्यांनी पुढच्या बैठकीत लेखी विचारावे: गेल्या पाच वर्षांत किती विनिमय करार झाले, त्यांखाली किती विद्यार्थी गेले, त्यांत संलग्न महाविद्यालयांतले किती, मुली किती, राखीव प्रवर्गांतले किती, किती जणांचे श्रेयांक मान्य झाले आणि किती जणांना सत्र पुन्हा द्यावे लागले, निवड होऊनही किती जण गेले नाहीत आणि त्याचे कारण कोणी नोंदवून ठेवले आहे काय. जिथे अधिसभेत आपले कोणी नाही, तिथे हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात कोणीही विचारू शकतो. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा, विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यावा, आणि पोच घ्यायला विसरू नये. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर अपिलाचा मसुदा मी करून देईन.